तिथी, मेघ आणि दिवे

आमचे गाव उजेड निर्माण करणारे गाव आहे. खापरखेड्याच्या औष्णिक केंद्राची क्षमता १३४० मेगावॅट. दक्षिणेस जवळच कोराडीचे केंद्र आणि त्यापलीकडे नागपूर शहर. दूरदूरच्या घरांत संध्याकाळी दिवा लागतो, त्यात आमच्या गावच्या श्रमाचा वाटा आहे, याचा आम्हांस अभिमान वाटतो. परंतु या उजेडाची किंमत आम्ही आकाशात मोजली आहे. आमच्या मुलांना आकाशगंगा ठाऊक आहे ती पुस्तकातल्या चित्रापुरती. ते चित्र आपल्या कॅमेऱ्याने आपणच घ्यावे असे ज्यांच्या मनात येते, त्यांच्यासाठी हे चार शब्द.

पहिल्या खेपेस आमची कशी फजिती झाली ते आधी सांगतो. आम्ही हवामानाचा अंदाज पाहिला. आकाश निरभ्र राहणार होते, आणि राहिलेही तसेच. भाड्याची गाडी केली, तिपाई घेतली, डबा घेतला आणि गावापासून दूर जाऊन बसलो. तिथी मात्र पाहिली नव्हती. ती निघाली शुक्ल द्वादशी! चंद्र असा काही तळपत होता की पंचांग वाचता आले असते. घरून निघण्यापूर्वी वाचले असते तर बरे झाले असते, इतकेच.

तेव्हापासून आमचा नियम ठरला. या कामात तिघांची संमती लागते : चंद्राची, मेघांची आणि दिव्यांची. चंद्राचा शब्द वर्षभर आधी मिळतो आणि तो कधी फिरत नाही. मेघांचा शब्द दोन-तीन दिवस आधी मिळतो आणि तोही कच्चा. दिवे तर जागचे हलतच नाहीत. हलावे लागते आपल्यालाच. म्हणून तारीख चंद्रावरून धरावी, जागा दिव्यांवरून ठरवावी आणि जायचे की नाही हा निर्णय मेघांवर सोडावा. हा क्रम उलटला की आमच्यासारखी गत होते.

चंद्राचे गणित आपल्या घरातच आहे. संकष्टीचा उपास करणाऱ्या घरी चंद्रोदयाची वेळ सर्वांना पाठ असते. चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटे उशिरा उगवतो. पौर्णिमेस तो सूर्यास्ताच्या सुमारास उगवतो, कृष्ण अष्टमीस मध्यरात्रीच्या सुमारास. उलट शुक्ल अष्टमीचा चंद्र मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. तेव्हा पूर्वरात्रीचा अंधार हवा असेल तर कृष्ण अष्टमीपासून अमावस्येपर्यंतचे दिवस धरावेत. उत्तररात्रीचा हवा असेल तर अमावस्येपासून शुक्ल सप्तमीपर्यंतचे. हिवाळ्यात मृग नक्षत्र रात्री लवकर वर येते, त्याला पहिला हिशेब लागू पडतो. आकाशगंगेचा सर्वांत तेजस्वी भाग धनू आणि वृश्चिक राशींकडे आहे. एप्रिलच्या मध्यास तो आपल्याकडे रात्री साडेअकराच्या सुमारास उगवतो आणि पहाटे दक्षिणेस सुमारे चाळीस अंश चढतो. त्यासाठी दुसरा हिशेब. आणखी एक गोष्ट : सूर्य मावळला म्हणजे लगेच रात्र होत नाही. तो क्षितिजाखाली अठरा अंश जाईपर्यंत संधिप्रकाश रेंगाळतो. आपल्या भागात त्याला साधारण सव्वा तास लागतो.

आता मेघांकडे वळू. पुष्कळांचा असा समज असतो की, पाऊस नाही म्हणजे ढग नाहीत. पावसाचा थेंबही न देणारे उंचावरचे तंतुमेघ ताऱ्यांचे तेज पार पुसून टाकतात. म्हणून अंदाजात पावसाऐवजी ढगांचे प्रमाण पाहावे. हवामानशास्त्रात आकाशाचे आठ भाग कल्पून त्यांतील किती झाकले ते सांगतात. दोनाहून अधिक असतील तर आम्ही घरीच राहतो. चार-पाच दिवस आधीच्या अंदाजावरून फक्त मनाची तयारी करावी. निघण्यापूर्वी भारतीय हवामान विभागाचे उपग्रहचित्र अवश्य पाहावे. त्यातील अवरक्त चित्र ढगांची उष्णता टिपते, म्हणून ते रात्रीही मिळते. एकामागून एक चित्रे पाहिली की ढग आपल्याकडे येत आहेत की चालले आहेत, ते समजते.

विदर्भाचे काही विशेष ध्यानात ठेवावेत. एप्रिल-मे महिन्यांत दुपारनंतर ढग जमतात आणि संध्याकाळी वादळ होते. पण त्या पावसाने धूळ बसली आणि ढग पांगले तर मागची रात्र कित्येकदा अतिशय स्वच्छ निघते. वीज कडाडत असता मात्र उघड्यावर तिपाई रोवून उभे राहू नये. जूनच्या मध्यापासून पावसाळाभर हा नाद सोडावा. हिवाळा उत्तम, पण तापमान दवबिंदूपाशी आले की भिंगावर दव धरते, तेव्हा कोरडे फडके जवळ असावे.

राहिले दिवे. आमची अडचण अशी की आकाशगंगेचा तो भाग दक्षिणेस, आणि कोराडी-नागपूरचा उजेडही दक्षिणेसच. गावातून उत्तरेकडे तोंड केले तर एकवीस अंशांवरच्या ध्रुवाभोवती ताऱ्यांची वर्तुळे टिपता येतात. आकाशगंगेसाठी मात्र मनसर ओलांडून पेंचकडे जावे लागते. वाटेत रामटेक लागते. तिथल्या डोंगराला मेघदूतातील रामगिरी मानतात. यक्षाला मेघ हवा होता, आम्हांला नको असतो, एवढाच काय तो फरक! महाराष्ट्रातील पेंच व्याघ्रप्रकल्पाला जानेवारी २०२४ मध्ये भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता मिळाली. रात्री वनविभागाच्या परवानगीवाचून तिथे हिंडू नये.

कॅमेऱ्याविषयी थोडेच सांगतो. पृथ्वी फिरते म्हणून तारे तासाला पंधरा अंश सरकतात. पूर्ण चौकटीच्या कॅमेऱ्यात पाचशेला भिंगाच्या नाभीय अंतराने भागावे. चोवीस मिलिमीटरच्या भिंगास साधारण वीस सेकंद येतात. त्याहून अधिक वेळ ठेवला की तारे ठिपक्यांऐवजी रेघा होतात.

शेवटी एक विनंती. पेंचलगतच्या गावांनी अंधार राखला तो दिवे विझवून नव्हे. त्यांनी रस्त्यावरचे दिवे असे बसवले की उजेड खाली, पाय पडतात तिथे पडावा. आकाशाकडे जाणारा उजेड कोणाच्याच उपयोगी पडत नाही. तो फुकट जाळलेला कोळसा आहे, आणि कोळशाचे मोल खापरखेड्याला कोणी शिकवावे? आपल्या अंगणातल्या दिव्याला वरून झाकण घालणे आजही आपल्या हाती आहे. चंद्र आपल्या वेळेने मावळतो, मेघ आपल्या मर्जीने पांगतात. तिघांपैकी आपले ऐकणारा असा दिवाच तेवढा आहे.