पुलाखालची चाळीस वर्षं

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात, प्लॅट नदीच्या खोऱ्यात, चार्ल्स ब्राउन आणि मेरी बॉम्बर्गर ब्राउन यांनी १९८२ साली भिंगऱ्यांचा अभ्यास सुरू केला. मूळची कड्यांवर घरटी बांधणारी ही भिंगरी एव्हाना पुलांखाली आणि रस्त्यांच्या मोऱ्यांमध्ये वस्तीला आली होती. चोचीतून चिखलाची एकेक गोळी आणायची, अशा हजारेक गोळ्यांचं अरुंद तोंडाचं, फुगीर पोटाचं घरटं लिंपायचं, तेही शेजारणीच्या भिंतीला भिंत लावून. काही वस्त्यांत हजारो घरटी.

एवढी दाटी कशासाठी? उत्तराला वर्षं लागली. चोच भरून परतणाऱ्या भिंगरीमागे रिकाम्या चोचीच्या शेजारणी निघतात आणि किड्यांच्या थव्यापर्यंत पोचतात. पण दाटीबरोबर ढेकणांच्या कुळातले रक्तपिपासू किडे येतात. औषध फवारून हे किडे मारले, तेव्हा मोठ्या वस्त्यांतली पिल्लं कितीतरी जास्त जगली. शेजारणीच्या घरट्यात गुपचूप अंडं घालणं तर चालतंच, आपलं अंडं चोचीत धरून तिकडे नेऊन ठेवणाऱ्या माद्याही आढळल्या!

मे १९९६मध्ये थंडीची लाट आली. हवेत किडेच उरले नाहीत आणि हजारो भिंगऱ्या उपासमारीने मेल्या. वाचलेल्या सरासरीने अंगाने मोठ्या होत्या.

मला सर्वांत मोलाचं वाटतं ते रस्त्यावरचं काम. त्याच त्या रस्त्यांवरून दरवर्षी जाताना गाड्यांखाली मेलेले पक्षी उचलायचे, मोजायचे, पंखांची लांबी नोंदवायची. तीस वर्षांच्या या नोंदी २०१३ साली प्रसिद्ध झाल्या. भिंगऱ्या वाढल्या होत्या, वाहनं कमी झाली नव्हती, तरी अपघाती मृत्यू घटत गेले होते. मेलेल्यांचे पंख जिवंतांपेक्षा लांब होते. आखूड पंखांची भिंगरी रस्त्यावरून चटकन सरळ वर उठते, म्हणून ती वाचत असावी, असा ब्राउन यांचा तर्क. दोन-तीन वर्षांच्या अनुदानावरचा अभ्यास इथवर पोचलाच नसता.

ही जात आज धोक्यात नाही. १९१८च्या स्थलांतरी पक्षी कायद्यामुळे अंडी-पिल्लं असलेलं घरटं परवानगीशिवाय पाडता येत नाही. तरी कॅलिफोर्नियातल्या सान हुआन कापिस्त्रानोच्या जुन्या मिशनमध्ये १९९०च्या दशकात डागडुजीसाठी घरटी काढली गेली आणि भिंगऱ्या दुसरीकडे वळल्या. पुढे त्यांना बोलावण्यासाठी कृत्रिम घरटी आणि ध्वनिमुद्रित आवाज वापरावे लागले.

भारतातही याच प्रजातिगणातली, गळ्यावर रेघा असलेली भिंगरी पुलांखाली चिखलाची दाट वस्ती करते. पुलाची दुरुस्ती ठरवताना खाली पिल्लं आहेत का, हे आधी बघावं. असली तर ती उडेपर्यंत काही आठवडे थांबावं.