दोन मैदानांमधली वाट

फुटबॉलची जागतिक स्पर्धा म्हटली म्हणजे श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें मैदान उभें राहतें. दोन मैदानांमधली वाट सहसा कोणी मोजीत नाहीं. १९५० सालीं ब्राझीलमध्यें ही वाटच फ्रान्सच्या संघाला नडली. त्याच्या वांट्याला एक सामना अगदीं दक्षिणेकडील पोर्तो आलेग्रे येथें व दुसरा ईशान्येकडील रेसिफे येथें आला. मधलें अंतर सरळ रेषेंत सुमारें ३००० किलोमीटर, म्हणजे मुंबई-कलकत्ता अंतराच्या दुपटीस थोडेंच कमी! शिवाय एका टोकाला जूनमधला हिवाळा, तर दुसरें विषुववृत्तानजीकचें, उष्ण व दमट. फ्रान्सनें कार्यक्रम बदलून मागितला. तो मिळाला नाहीं, आणि फ्रेंच संघ आलाच नाहीं. उरुग्वेच्या गटांत त्यामुळें दोनच संघ उरले. भारतानेंही त्या स्पर्धेंतून माघार घेतली होती. त्याचीं कारणें मात्र निराळीं.

इटलीचा संघ जहाजानें आला. १९४९ सालीं तोरिनो संघाचें विमान सुपेर्गाच्या टेंकडीवर आदळून सारे खेळाडू दगावले होते. त्यानंतर विमानाची भीति वाटली तर नवल काय?

अमेरिकेचा संघ कुरितिबा, बेलो होरिझोंते व रेसिफे असा दक्षिणेकडून उत्तरेकडे हिंडला, आणि वाटेंतच त्यानें इंग्लंडला १-० असें हरविलें. यजमान ब्राझीलनें मात्र सहांपैकीं पांच सामने रिओमध्येंच खेळून घेतले. घरधन्याची ही सोय उघड होती. तथापि १६ जुलैच्या निर्णायक सामन्यांत, बेलो होरिझोंते व सां पाउलो करून आलेल्या उरुग्वेनें त्याला त्याच रिओंत २-१ असें हरविलें.