गुडघा पुढे गेला तर?

जिममध्ये हमखास ऐकू येणारी तंबी म्हणजे, 'स्क्वॉट मारताना गुडघा बोटांपुढे जाता कामा नये.' तालमीतला पैलवान बैठका मारतो तेव्हा त्याच्या टाचा उचलल्या जातात, गुडघे खुशाल पुढे जातात. २००३ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस विद्यापीठातील संशोधकांनी सात पुरुषांच्या गुडघ्यांपुढे फळी उभी करून हा नियम तपासला. गुडघ्यावरचं बल-आघूर्ण (टॉर्क) साधारण १५० न्यूटन-मीटरवरून ११७ वर आलं खरं. पण खुब्यावरचं २८ वरून थेट ३०३ वर गेलं. भार कमी झाला नाही, खुबा आणि कमरेकडे सरकला.

मांडीचं हाड लांब आणि धड आखूड असेल, तर तोल सांभाळायला पुढे वाकावंच लागतं. अशा माणसाला 'छाती वर!' म्हणून ओरडण्यात काय हशील? पाय जरा फाकवून, चवडे बाहेर वळवून बघा, किंवा बारऐवजी डंबेल छातीशी धरा.

अनेकदा अडतं ते घोट्यात. अंगठा भिंतीपासून दहा सेंटिमीटरवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला टेकवा. टेकत नसेल तर स्क्वॉट मारताना टाचांखाली पातळ प्लेट सरकवा. वेटलिफ्टिंगच्या बुटांची टाच उंच असते ती यासाठीच.

खाली किती जायचं? पाठीचा खालचा भाग गोल व्हायला लागतो, त्याच्या जरा वर थांबायचं. शेजारचा किती खाली बसतो, ते बघू नका. गुडघ्यात कळ आली किंवा तो सुजला, तर वजन खाली ठेवून फिजिओथेरपिस्टला दाखवा.