गवंडी आणि निरोप्या

सूनबाईंना पाचवा महिना लागला आहे. मनाच्या खिन्नतेवर डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या त्या वर्षभर घेत आहेत. एके दिवशी सासूबाई हळूच विचारतात, "अगं, या गोळ्या पोटातल्या बाळाला बाधणार तर नाहीत ना?" हा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. शास्त्रज्ञही त्याच्यामागे लागलेले आहेत.

या गोष्टीचा नायक आहे सेरोटोनिन. रॅपोर्ट, ग्रीन आणि पेज या संशोधकांनी अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे १९४८ साली हे द्रव्य रक्तातून वेगळे काढले. १९५३ मध्ये ते मेंदूतही सापडले. तेथे ते निरोप्याचे काम करते. एका पेशीचा निरोप दुसरीला पोचवायचा आणि घरी परतायचे! फ्लुओक्सेटिनसारखी औषधे त्याची ही परतीची वाट अडवतात. त्यामुळे सेरोटोनिन दोन पेशींच्या मधल्या जागेत अधिक काळ राहते.

पण मोठ्या माणसाच्या मेंदूतला हा निरोप्या बाळाच्या मेंदूत गवंडी असतो! मेंदूची इमारत उभी राहत असताना कोणत्या पेशीने कोठे जावे, तिच्या फांद्या कोठवर पसराव्यात, यात त्याचा हात असतो. बांधून झालेल्या घरात चुन्याचे एक घमेले जास्त आले तर बिघडत नाही. पाया भरताना मात्र मापाला महत्त्व असते.

न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील अन्सॉर्ज, गिंगरिच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हेच तपासले. उंदराच्या पिल्लांना त्यांनी जन्मानंतरच्या चौथ्या दिवसापासून एकविसाव्या दिवसापर्यंत फ्लुओक्सेटिन दिले आणि मग थांबवले. पिल्ले मोठी झाली ती बुजरी, भित्री! मोठ्यांची खिन्नता घालवणाऱ्या औषधाने लहानपणी उलटाच परिणाम केला. आपल्या मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, विदिता वैद्य यांच्या प्रयोगशाळेलाही घुशीच्या जातीच्या पांढऱ्या उंदरांत असेच आढळले. शिवाय सेरोटोनिनचा निरोप घेणाऱ्या काही ठराविक जागा त्याच काळात बंद ठेवल्या, तर ही भीती टळते, हेही तेथे दिसून आले.

मग गोळ्या केरात टाकायच्या का? छे! उंदीर म्हणजे माणूस नव्हे. माणसांत औषधाचा परिणाम कोणता आणि आईच्या आजाराचा कोणता, हे निवडणे फार कठीण जाते. खिन्न आईला अन्न गोड लागत नाही, झोप येत नाही. त्याची झळ बाळालाही लागते. गोळ्या एकाएकी सोडल्या तर आजार उलटण्याचे भय असते.

मोठ्या मुलांच्या बाबतीतही तारतम्य हवेच. आठ वर्षांपुढील मुलांच्या खिन्नतेवर फ्लुओक्सेटिनला अमेरिकेत मान्यता आहे. पण अशा औषधांनी काही मुलांच्या मनात आत्मघाताचे विचार वाढू शकतात, असा इशारा तेथील औषध-नियंत्रकांनी २००४ मध्ये दिला. म्हणून पहिले काही आठवडे घरच्यांनी डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावे.

तेव्हा सासूबाई, सूनबाईंना बोल लावू नका आणि गोळ्याही लपवू नका. तुमचा प्रश्न घेऊन दोघी मिळून डॉक्टरांकडे जा. बाळाची काळजी घ्यायची, ती बाळाच्या आईपासूनच सुरू होते.