पिवळ्या फोल्डरांना पर्याय आहे!

एमएस-सीआयटी केलेल्या प्रत्येकाला पिवळ्या फोल्डरांची ती खिडकी पाठ असते. रत्नागिरीत आंब्याचा हंगाम लागला की पेट्यांची बिलं, सातबाऱ्याचे पीडीएफ, बागेचे फोटो असा सगळा पसारा तिच्यातच साठतो. पण विंडोजने दिलेला 'फाइल एक्सप्लोरर'च वापरायला हवा, अशी सक्ती कुणाचीच नाही. फायली तुमच्या, मग त्या आवरायचं साधनही तुम्हीच निवडा!

शुभ सकाळचा डोंगर
पसारा फोनवरही असतो. सूर्योदय, गुलाब, सुविचार! या चित्रांनी भारतीयांचे फोन तुडुंब भरतात, हे गूगलने हेरलं. डिसेंबर २०१७ मध्ये आलेल्या 'फाइल्स गो' ॲपने ती हुडकून एकगठ्ठा पुसायची सोय दिली. आज तेच ॲप 'फाइल्स बाय गूगल' म्हणून ओळखलं जातं.

बंदी आली, फायली राहिल्या
२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने ५९ ॲपवर बंदी घातली. त्यात 'ईएस फाइल एक्सप्लोरर'ही होतं. लोकांनी दुसरं ॲप घेतलं आणि फायली जागच्या जागी सापडल्या. कारण असं ॲप, म्हणजे फाइल मॅनेजर, फायली फक्त दाखवतो, हलवतो. त्या असतात फोनच्या मेमरीत.

१९८६ची जोडखिडकी
जॉन सोचा यांच्या 'नॉर्टन कमांडर' या संगणकावरच्या फाइल मॅनेजरने निळ्या पडद्याचे दोन भाग केले. आजच्या भाषेत सांगायचं तर डावीकडे पेनड्राइव्ह, उजवीकडे लॅपटॉपमधला फोल्डर. टॅब दाबला की पलीकडे, एफ५ने कॉपी, एफ६ने हलवणे, एफ७ने नवा फोल्डर, एफ८ने डिलीट. काय कुठून कुठे चाललंय, सगळं डोळ्यांसमोर! आजचे 'टोटल कमांडर' आणि 'डबल कमांडर' याच कळांवर चालतात.

नाव बदला!
स्वित्झर्लंडच्या ख्रिश्चन गिसलर यांनी १९९३ मध्ये 'विंडोज कमांडर' आणला. 'विंडोज' हा मायक्रोसॉफ्टचा ट्रेडमार्क, म्हणून २००२ मध्ये तो 'टोटल कमांडर' झाला.

जुनं ते पुन्हा हजर
विंडोज ९५च्या आधीचा 'फाइल मॅनेजर' मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये सोर्स कोडसह खुला केला. तो विंडोज १०वरही चालतो.

पटलं नाही? वेगळं बनवा
२०१२ मध्ये लिनक्सवरच्या 'नॉटिलस' या फाइल मॅनेजरमधून दोन भागांची सोय काढून टाकली गेली. लिनक्स मिंटच्या मंडळींनी त्याच कोडवरून 'निमो' उभा केला आणि ती सोय जपली.

रत्नागिरीचे २७ बाइट
फाइल मॅनेजर कुठलाही असो, लिनक्सवर फाइलचं नाव सहसा २५५ बाइटांत बसवावं लागतं. रोमन लिपीत 'रत्नागिरी' लिहायला ९ बाइट पुरतात, देवनागरीत २७ लागतात. कारण यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं. विंडोज मात्र नावाची लांबी वेगळ्या पद्धतीने मोजतं, तिथे दोन्ही लिपींना सारखीच जागा.

जुन्याला हात लावू नका
विंडोजचा टास्कबार आणि डेस्कटॉपही एक्सप्लोररच सांभाळतो. तो बंद पडला तर दोन्ही गायब! म्हणून त्याला राहू द्या आणि शेजारी नवा बसवा. 'डबल कमांडर' मोफत आहे, विंडोजवर आणि लिनक्सवरही चालतो. यंदाची बिलं त्यातच लावून बघा. एफ५ची सवय बोटांना लवकर लागते.