न्हावा-शेवाचे बंदर आणि सोलापूरच्या कारखान्यातील संगणक

२७ जून २०१७ रोजी जवाहरलाल नेहरू बंदरातील एका टर्मिनलचे संगणक अचानक बंद पडले आणि तिथले कामकाज कोलमडले. टर्मिनल डेन्मार्कच्या मेर्स्क समूहाचे, पण हल्ल्याची सुरुवात झाली होती युक्रेनमध्ये. तिथल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून ‘नॉटपेट्या’ नावाचा व्हायरस पसरला. पडद्यावर खंडणीची मागणी दिसत होती. मात्र पैसे भरूनही फाइली परत मिळण्याची सोय त्यात नव्हती.

टॉवेल आणि चादरी परदेशी पाठवणाऱ्या सोलापूरकरांनी हे समजून घ्यायला हवे. हिशेबाचे सॉफ्टवेअर आपल्या प्रत्येक कारखान्यात आहे.

या व्हायरसला शिरायला एक जुना संगणक पुरत असे. तिथून तो विंडोजमधील त्रुटीचा फायदा घेई. ती बुजवणारा अपडेट मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिला होता. पण संगणकाच्या मेमरीतले पासवर्ड चोरून तो अपडेट केलेल्या यंत्रांतही घुसला. म्हणून ‘अँटिव्हायरस टाकलाय’ एवढ्यावर निश्चिंत राहणे मला तरी धोक्याचे वाटते. मालक, हिशेबनीस आणि गोदाम यांचा पासवर्ड एकच असेल तर एक दार उघडले की सगळी उघडतात. सीसीटीव्ही, पाहुण्यांचा वायफाय आणि हिशेबाचा संगणक यांचे नेटवर्क वेगळे ठेवणे राउटर बसवणाऱ्याला अवघड नाही. सांगावे मात्र लागते.

मेर्स्कला वाचवले कशाने? कोणाला कुठे प्रवेश आहे याची नोंद ठेवणारे त्यांचे जगभरातील सर्व्हर पुसले गेले. घानामधला तेवढा एक वाचला, कारण तेव्हा तिथे वीज गेली होती! त्याच्या आधारे त्यांनी सुमारे दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्याने उभे केले.

आपल्याकडे बॅकअपची हार्डडिस्क बहुधा दिवसरात्र संगणकालाच जोडलेली असते. व्हायरस तीही पुसतो. दोन डिस्क ठेवा, आलटून पालटून वापरा आणि काम झाले की काढून कपाटात ठेवा. महिन्यातून एकदा त्यातली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा.

हल्ला झालाच तर आधी नेटची वायर काढा, वायफाय बंद करा. एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशी घटना सहा तासांत ‘सर्ट-इन’ला कळवायची असते. खात्यातून पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.