जुना राजपुत्र, नवा लॅपटॉप

जुन्या पीसीवरचं 'प्रिन्स'चं फोल्डर पेनड्राइव्हवर घेतलं, नव्या लॅपटॉपवर टाकलं, डबल क्लिक केलं, की विंडोज सरळ सांगतं: हे ॲप या पीसीवर चालणार नाही. फाइल खराब झाली असं समजून बरेच जण इथेच डिलीट मारतात. फाइल ठणठणीत असते.

'प्रिन्स ऑफ पर्शिया' जॉर्डन मेकनरने 1989 मध्ये ॲपल टू या कॉम्प्युटरसाठी काढला. आपल्याकडे कॉम्प्युटर क्लासमध्ये सर बाहेर गेले की सुरू व्हायचा तो पुढच्या वर्षी आलेला त्याचा डॉस अवतार. डॉसचे गेम 16 बिटचे. 32 बिट विंडोजमध्ये त्यांची सोय होती, 64 बिट विंडोजमध्ये ती नाही. विंडोज 11 तर 64 बिटमध्येच मिळतं. नव्वदीच्या उत्तरार्धातले काही गेम स्वतः 32 बिटचे असूनही अडतात ते आणखी मजेशीर कारणाने: गेम चालला असता, पण सीडीवरचा सेटअप 16 बिटचा.

यावर उतारा म्हणजे डॉसबॉक्स. 2002 पासून फुकट मिळणारा हा प्रोग्रॅम लॅपटॉपच्या पोटात एक अख्खा जुना पीसी उभा करतो: जुना प्रोसेसर, जुनं ग्राफिक्स कार्ड, साउंड ब्लास्टर हे साउंड कार्डसुद्धा. गेमचं फोल्डर 'माउंट' कमांडने त्याला सी ड्राइव्ह म्हणून दाखवायचं आणि त्या ड्राइव्हवर जाऊन एक्झी फाइलचं नाव टाइप करायचं. खरी गोम वेगात आहे. त्या काळचे कित्येक गेम प्रोसेसरच्या वेगालाच घड्याळ समजत, त्यामुळे वेगवान मशीनवर शत्रू डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊन मारून जातो. डॉसबॉक्समध्ये कंट्रोल-एफ11 दाबलं की वेग उतरतो, कंट्रोल-एफ12 ने चढतो. गेमच्या सेटअपने आवाजाबद्दल विचारलं तर साउंड ब्लास्टर निवडावं आणि 220, आयआरक्यू 7, डीएमए 1 असं भरावं. (डॉसवरच्या मूळ 'प्रिन्स'मध्ये 'प्रिन्स मेगाहिट' टाइप करून सुरुवात केली, तर शिफ्ट-एलने लेव्हल ओलांडण्याची लबाडी आजही चालते.)

सीडीवरच्या गेमचं दुखणं वेगळं. नव्या लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नसतो. यूएसबीचा बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला तरी नुसत्या फाइली कॉपी करून भागत नाही. 1996 च्या 'क्वेक'चं ट्रेंट रेझ्नरचं संगीत सीडीवर गाण्यांच्या ट्रॅकसारखं भरलेलं होतं. आयएसओ इमेज बनवली तर ते मागेच राहतं आणि गेम संगीताविना चालतो. अशा सीडीची बिन-क्यू प्रकारची इमेज घ्यावी.

सेफडिस्कवाल्या सीडींपुढे मात्र हात टेकावे लागतात. नक्कल रोखणारी ही यंत्रणा विंडोजमधल्या एका ड्रायव्हरच्या भरवशावर चालायची. तो सुरक्षेच्या दृष्टीने धोक्याचा, म्हणून विंडोज 10 पासून मायक्रोसॉफ्टने त्याला बाहेर काढलं. म्हणजे पैसे मोजून अस्सल सीडी घेतलेला माणूस दाराबाहेर, आणि पायरेटेड सीडीवाला आत! तरी कुठून तरी क्रॅक उतरवू नये, त्यासोबत व्हायरस येण्याची धास्ती मोठी. पोलंडमधल्या जीओजीने 2008 पासून जुने गेम असल्या कुलपांशिवाय विकायला घेतले आहेत. आपला गेम तिथे असेल तर सरळ विकत घ्यावा.

माझ्या मते गेमपेक्षा जास्त जपायची ती सेव्ह फाइल. गेम पुन्हा मिळतो, अर्धवट राहिलेली लढाई मिळत नाही. 'प्रिन्स'ची सेव्ह फाइल गेमच्याच फोल्डरमध्ये असते आणि ती अवघी 8 बाइटची. उरलेली मिनिटं, त्याहून बारीक वेळ, लेव्हल आणि जीव, एवढाच तिचा ऐवज. 'व्हाइस सिटी' हा गेम आपल्या फाइली डॉक्युमेंट्समध्ये ठेवतो. सर्वांत फसवे ते प्रोग्रॅम फाइल्समध्ये बसवलेले जुने गेम. व्हिस्टापासून विंडोज अशा गेमला तिथे लिहू देत नाही. त्याच्या फाइली गुपचूप दुसरीकडे वळवतं, आणि गेमच्या फोल्डरमध्ये पाहिलं तर सेव्ह फाइली जागेवर नसतात. त्या यूजर्समधल्या आपल्या नावाच्या फोल्डरात ॲपडेटा, मग लोकल, मग व्हर्च्युअलस्टोअर अशा वाटेने सापडतात. ॲपडेटा लपवलेलं असतं, तेव्हा आधी व्ह्यूमध्ये जाऊन हिडन आयटम्सवर टिक करावी. जुना पीसी फॉरमॅट करायला देण्याआधी हे व्हर्च्युअलस्टोअर फोल्डर उघडून बघा, आणि नव्या लॅपटॉपवर गेम प्रोग्रॅम फाइल्समध्ये न टाकता सी ड्राइव्हवर 'गेम्स' नावाचं वेगळं फोल्डर करून त्यात टाका.